चौदा दिवसांचा नियम

आई,

आधी काय घडलं ते लिहिते.

१. पासष्टीनंतर मिळणारा इथला सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, तसाच ठेवू, की त्याच सरकारी पैशावर चालणारा खाजगी कंपनीचा प्लॅन घेऊ, असं वरच्या मजल्यावरच्या मावशींनी मला गेल्या वर्षी विचारलं.
२. मी म्हटलं, खाजगी घ्या. त्यात दात आणि चष्मा होता.
३. या महिन्यात त्या पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा चालायला शिकवतात त्या केंद्रात त्यांना ठेवलं.
४. चौदा दिवसांनंतरचे दिवस कंपनीने नामंजूर केले.
५. चौदा दिवसांचा तो नियम मी लिहिला आहे.

इथे शॉमबर्ग गावातल्या ऑफिसात मी विमा कंपन्यांसाठी उपचारांच्या मंजुरीचं सॉफ्टवेअर लिहिते. चौदा दिवसांनंतर माणसाने तपासायचं, असं त्यात आहे. पण तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर ‘नामंजूर’ आधीच निवडलेलं येतं. त्यांचा एक क्लिक वाचावा म्हणून मीच ते तसं ठेवलं. डेमोत सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

काल मावशींना भेटले. वॉकर धरून चार पावलं टाकली आणि बसल्या. “दात मात्र छान झालेत हं. मी पडले तेव्हा फोटो काढायला हवा होता.” मग हळूच म्हणाल्या, “तू त्यातलीच ना गं? कुणी ओळखीचं असेल तर बघ की. घरी जिना आहे, मी चढू कशी?” मी ‘बघते’ म्हटलं आणि निघाले.

सिव्हिल हॉस्पिटलमधला एक दिवस आठवतो. मी आठवीत आहे, अंगात ताप आहे. सिस्टरांची मुलगी म्हणून शिपाईमामांनी मला मागच्या दाराने केसपेपर काढून दिला आहे. तू तो माझ्या हातातून घेतेस. “या बायका सकाळपासून उभ्या आहेत. जा, रांगेत उभी राहा.” मी रडत गेले. पण ड्यूटी संपल्यावर साडी बदलून तू आलीस आणि माझ्यामागे उभी राहिलीस. माझं डोकं तुझ्या पोटावर टेकलेलं होतं, आणि तू गर्दीतल्या अनोळखी बाईसारखी गप्प होतीस. तेव्हा फार राग आला होता. आता त्या पोटाची ऊब आठवते.

सरकारी पैशावर खाजगी कंपन्या का पोसायच्या, यावर इथे खूप वाद चालतो. दोन्ही बाजू मला पाठ आहेत. तुझ्या सिव्हिलमध्ये एक्स-रे मशीन बंद म्हणून परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे सरकारी ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. पण तिथे नाही म्हणणारा माणूस खिडकीत दिसायचा. त्याच्याशी भांडता यायचं.

मावशींचं अपील शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं आहे. ती स्क्रीन कशी चालते हे मी त्यात सहीनिशी लिहू शकते. मग नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर व्हिसा. मावशींना यातलं काहीच माहीत नाही.

तू गेल्यापासून ही पत्रं कुठे जात नाहीत, म्हणून एक कबूल करते. चौदाव्या दिवशी अशा किती जणांचे उपचार थांबले, ती यादी मला एका क्लिकवर दिसते. मावशी पडेपर्यंत मी ती कधी उघडली नव्हती.

सही करू का? गुरुवारपर्यंत कळव.