धरणीची साप्ताहिक सुट्टी

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.१०
काल ६.४२ ला धक्का. रेडिओ म्हणतो ४.१. साफ चूक. माझ्या मते ४.६, फार तर ४.५५. बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, तेही कुठल्या कॉलेजची पायरी न चढता. तळहातावरची वस्तू पाच ग्रॅमनं इकडे-तिकडे असली तर मला कळते. मग पायाखालची जमीन कळणार नाही?

मेहुण्याला फोन केला. हा सौ.चा धाकटा भाऊ. भूकंप नोंदणी कार्यालयात नोकरीला आहे, म्हणजे पृथ्वी जणू त्याच्याच परवानगीनं हलते. म्हणाला, भाऊजी, चार पॉइंट एक म्हणजे चार पॉइंट एक, विषय संपला.

विषय आता सुरू झालाय.

संकल्प. एक: स्वतःचं भूकंपमापक यंत्र बनवणे. दोन: आईच्या पलंगामागचं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं करणे. काल ते पुढे झुकलं आणि विचार बदलल्यासारखं परत गेलं. आईच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून. सौ.नं आज दोन एल-पट्ट्या आणि चार स्क्रू आणून माझ्या चहाशेजारी ठेवले. रविवारपर्यंत काम फत्ते.

५ मार्च, बुधवार
कपाटासाठी भोकं पाडली. भिंतीत दोन, कपाटात दोन. पाणसळ लावून, मिलिमीटर मोजून. आता फक्त पट्ट्या लावणं राहिलं. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांच्या कामाला घाई करायची नसते.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ८.००
यंत्र तयार. पाच किलोचं बिडाचं वजन, जुन्या काट्याची दांडी, तिच्या टोकाला शाईचं पेन, बिस्किटांच्या डब्याचा ड्रम, गजराच्या घड्याळाची मोटर. ड्रम चोवीस तासांत एक फेरा. जमीन हलली की पेन हलणार, कागदावर रेघ थरथरणार. सरकारला याच कामाला तीन मजली इमारत लागते.

जागा: स्वयंपाकघराची मागची भिंत. बरोबर खाली तळमजल्यावर लॉन्ड्री. म्हणजे निवांत. कपडे काय गोंगाट करणार.

भिंतीला पक्कं बसवायला काहीतरी हवं होतं. दोन एल-पट्ट्या आणि चार स्क्रू समोरच होते. असे बसले की जणू यंत्रासाठीच घडवलेत. कपाटासाठी उद्या नवीन आणतो. सौ. काहीतरी म्हणाली. ड्रमच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
अकरा भूकंप. एका दिवसात अकरा! हे उद्गारचिन्ह मी विचार करून दिलंय.

प्रत्येक धक्का आठ मिनिटांचा. सुरुवात मंद, मग लय पकडतो, शेवटची तीन मिनिटं कमालीची तीव्रता, मग एकदम शांत. सरकारी पत्रकात आजचे भूकंप: शून्य.

मेहुण्याला फोन. त्यानं विचारलं, भाऊजी, यंत्र लावलंय कुठे? भिंतीवर, म्हटलं. हसला. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

९ मार्च, रविवार
एकही नाही. रेघ सुतासारखी सरळ. यंत्र बिघडलं असेल म्हणून समोर सहा उड्या मारल्या. सहाही नोंदल्या गेल्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई जिन्यातून खाली येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक ना. ठीक आहे, म्हटलं. पृथ्वी आज गप्प का, तेवढं कळत नाही.

स्क्रू आणायला गेलो. रविवारी हार्डवेअरचं दुकान बंद.

१० मार्च, सोमवार
पंधरा.

१६ मार्च, रविवार
पुन्हा शून्य. आता शंका उरली नाही.

आठवडाभराचे आकडे मांडले. सोमवारी पंधरा, मंगळवार ते शनिवार रोज अकरा, रविवारी शून्य. शिवाय रोज दुपारी एक ते दोन एकही धक्का नाही. गुरुवारी दुकानावर 'वैज्ञानिक कारणास्तव बंद' अशी पाटी लावून दिवसभर यंत्रासमोर बसलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक धक्क्याआधी जमिनीखालून पाणी वाहून गेल्याचा स्पष्ट आवाज येतो. भूगर्भातले जलप्रवाह. भिंतीला कान लावून ऐकलंय.

यावरून नियम मांडला: धरणी सहा दिवस राबते, सातव्या दिवशी सुट्टी घेते, दुपारी तासभर वामकुक्षी करते, आणि सोमवारी साचलेलं काम उपसते. जगात हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं. सगळे मोठ्या भूकंपांच्या मागे. लहानांकडे बघतो कोण.

आईला नियम वाचून दाखवला. म्हणाली, माझ्यापेक्षा नशीबवान आहे रे, मला सत्तर वर्षांत रविवार नाही मिळाला.

१९ मार्च, बुधवार
चौदा पानी निबंध आलेखांसह मेहुण्याच्या कार्यालयात पोचवला. तो संध्याकाळी घरी आला. आधी कपाटाकडे पाहिलं. मग मला मोजमापाचं शिकवायला बसला. त्याच्या मापात म्हणे आकडा एकानं वाढला की आतली शक्ती बत्तीसपट होते. चारचे बत्तीस धक्के तेव्हा कुठे पाचचा एक. म्हणून लहान धक्के कितीही झाले तरी मोठ्याचा भार हलका होत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी शांतपणे विचारलं, चार किलोनंतर पाच किलो येतात की एकशे अठ्ठावीस? असला काटा माझ्या दुकानात आला असता तर मी त्या दुकानदाराला पोलिसात दिलं असतं.

जाताना बहिणीशी दारात कुजबुजला. नंतर सौ.नं आईचा पलंग खिडकीकडे सरकवला. उजेड चांगला येतो, म्हणाली. तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०
सोमवार असून शून्य. पंधरा अपेक्षित होते. पाण्याचा आवाजही नाही.

२६ मार्च, बुधवार
तिसरा दिवस. शून्य. ही शांतता बरी नव्हे. रोजचे अकरा बाहेर पडत नाहीत, म्हणजे आत साचतायत.

खाली उतरलो. लॉन्ड्रीवाला दारात हातावर हात धरून बसलेला. त्याला परिस्थितीची कल्पना दिली. त्यानं सुस्कारा सोडला. म्हणाला, "साहेब, माझ्यावर तर सोमवारीच कोसळलंय." सामान्य माणसाला आधी जाणवतं ते असं. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग त्याच्या मागे छतापर्यंत होता. भीतीनं काम सुचत नसणार.

सौ.ची वेगळीच कटकट. माझे चार शर्ट खाली अडकलेत, काहीतरी बिघडलंय म्हणे. देश गाडला जायची वेळ आली आणि हिला शर्ट.

२७ मार्च, गुरुवार
हिशोब पूर्ण. दिवसाची सरासरी ११.६७. सहा दिवसांचे सत्तर. ते एकत्र सुटणार शनिवार, २९ मार्च, दुपारी ४.२० वाजता. तीव्रता ७.३. मेहुण्याच्या मापात नव्हे, माझ्या.

जिन्यात सूचना लावली: शनिवारी चारला सर्वांनी मैदानात जमावे, किमती वस्तू बरोबर घ्याव्यात. तासाभरात मुख्याध्यापिकाबाईंनी लाल पेनानं तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. आशयाला हात लावलेला नाही. म्हणजे पटलंय.

कपाटाला आता स्क्रू लावण्यात अर्थ नाही. ७.३ पुढे चार स्क्रू काय करणार.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.४५
जसं घडलं तसं लिहितो. लपवण्यासारखं काही नाही.

मैदानात हजर: आई (खुर्चीसह), सौ., मुख्याध्यापिकाबाई (विणकामासह), लॉन्ड्रीवाला (काम नाही म्हणून), मेहुणा (ताईनं बोलावलं म्हणून). इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. बाकीचे गॅलऱ्यांतून बघत होते. लहानपणापासून जमीन हलताना पाहिलेली माणसं. हललेल्या जमिनीला भीत नाहीत, मग न हललेल्या जमिनीला कोण भिणार.

४.२०. काही नाही.
४.३५. माझं घड्याळ पुढे असू शकतं. मेहुण्याचं पाहिलं. त्याचंही तेवढंच पुढे.
४.५०. आई म्हणाली, हवा छान आहे, अधूनमधून आणत जा.
५.०५. कुणीतरी लॉन्ड्रीवाल्याला हाक मारली, मेकॅनिक आलाय. तो असा पळाला की शिकल्या-सवरलेल्या माणसालाही लाज वाटावी.

५.३० ला घरी. मेहुण्याला चहा. ६.१० ला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पाहतो तर पेन थैमान घालतंय. मी जिन्यातून ओरडत सुटलो, आला, आला, बाहेर पडा. दोन बिऱ्हाडं खरंच बाहेर पडली. एकजण साबण लावलेल्या दाढीनिशी.

मेहुण्यानं बाहेर पडायचं सोडून भिंतीला तळवा लावला. मग खाली गेला. पेन थांबलं. मग सुरू झालं. थांबलं. सुरू झालं. पुन्हा थांबलं.

मग तो वर आला. जिन्यात सगळे उभे होते. हळूच म्हणाला, मला ते जास्त लागलं, "भाऊजी, हा भूकंप नाही. ही बेडशीटं आहेत."

३० मार्च, रविवार
मी हरलेलो नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. लॉन्ड्रीच्या मशीनमुळे भिंत हलते, कबूल. पण मशीन कुठे उभं आहे? पृथ्वीवरच ना?

तरी निषेध म्हणून यंत्र बंद. ड्रम थांबवला. यंत्रावर जुनी चादर टाकली, कुणी उचलायची नाही असं घरात सांगितलं. यापुढे भूकंप या विषयाशी माझा संबंध नाही. पृथ्वीनं तिचं तिनं पाहावं.

आणखी एक. या घरात कुठली वस्तू कुठे राहील हे अजून मी ठरवतो. आईचा पलंग उचलून जुन्या जागी, कपाटासमोर, आणून ठेवला. एकट्यानं. कंबर धरली. आई म्हणाली, मला काय, कुठेही झोप येते. सौ.नं उशी सरळ केली. पटलं असावं.

३१ मार्च, सोमवार
दुकानात निघताना सौ.नं स्क्रूड्रायव्हर मागितला. कुकरचं हँडल सैल झालंय म्हणे. छोटा देऊ की मोठा? मोठा, म्हणाली. कुकरला छोटा लागतो. बायकांना अवजारांची जाण कमीच. तरी दिला. वाद घालण्याच्या मनःस्थितीत नाही.

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.५०
१.३५ ला भूकंप. खरा.

मी दुकानातून जेवायला आलो होतो, जेवण करून आडवा पडलो होतो. एक ते दोन धरणी झोपते असा माझाच नियम. तो लॉन्ड्रीवाल्याच्या जेवणाच्या सुट्टीचा होता हे माहीत होऊनही अंगवळणी पडलेलं.

आधी घरघर. मग खाट सरकली. भांडी पडली. मी उठून दारापर्यंत गेलो आणि आठवलं. आई. पलंग. कपाट. मीच ठेवलेला पलंग. दारापासून आईच्या खोलीपर्यंत नऊ पावलं. एरवी मोजली आहेत. आज किती लागली माहीत नाही. मागून स्वयंपाकघरात काहीतरी जड आपटलं. मला वाटलं, झालं.

कपाट उभं होतं. सगळी इमारत डुलत होती आणि ते लोखंडी धूड भिंतीला चिकटून उभं. आई खाली गाढ झोपलेली. तोंड थोडं उघडं. मी पलंगाची कड धरून जमिनीवर बसून राहिलो. थांबल्यावरही. ती जागी झाली तेव्हा विचारलं, आज दुकान नाही का?

नंतर पाहिलं. कपाटाच्या माथ्यावर दोन एल-पट्ट्या, चार स्क्रू. माझ्याच भोकांत. चारही सरळ, खाचा एका रेषेत. यापेक्षा चोख मीही बसवले नसते, हे नोंदवून ठेवतो.

मग स्वयंपाकघरात गेलो. यंत्र जमिनीवर. बिडाच्या वजनानं फरशी फोडलेली, डबा चेपलेला, चादर शाईनं माखलेली. भिंतीवर पट्ट्यांच्या जागी दोन खिळे, त्यातला एक वाकलेला. चोवीस बिऱ्हाडांत भांडी सोडली तर एवढीच एक वस्तू पडली.

सौ. फरशीचे तुकडे वेचत होती. मी विचारलं, कुकरचं हँडल बसलं का?

"बसलं," म्हणाली.

मेहुण्याचा फोन. सगळे ठीक ना? ५.४, म्हणाला. मग विचारलं, भाऊजी, तुमच्या मते किती? ५.४, म्हटलं. त्यानं आकडा परत एकदा विचारून घेतला.

पडताना पेन भिंतीला घासत गेलंय. वरून खाली एकच रेघ, एक मीटर चार सेंटिमीटर. आमच्या यंत्रानं नोंदलेला हा एकमेव खरा भूकंप. पुसायला फडकं घेतलं. शाई पक्की आहे.

दुपारी ४.३०
सौ.नं शाईची चादर खाली लॉन्ड्रीत दिली.

आत्ता भिंत थरथरतेय. सुरुवात मंद होती, आता लय पकडलीय. शेवटची तीन मिनिटं जोरात जातील. आमचीच चादर. नोंद करत नाही.