शिट्टीचा पहिला धनी

४ फेब्रुवारी

पोचलो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पत्त्याचा कागद आणि पायाला नेहमीची भिंगरी. पाच वर्षांतली ही सातवी नोकरी. कारखाना म्हणावं तर तीनच खोल्या, दुकान म्हणावं तर बाहेर पाटी नाही. इथे खेळ बनवतात. सोंगट्या-फाशांचा नव्हे. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात, कुणी सरदार होतो, कुणी चेटकीण, आणि तासन्‌तास एक गोष्टच खेळतात. गोष्टीत त्यांना जादूच्या वस्तू सापडतात, त्यांची कार्डं इथे तयार होतात. मी ती खोक्यांत भरायची. माझ्याशिवाय माणसं तीन: मालकीणबाई, चित्रं काढणारी एक अबोल मुलगी, आणि जुन्या बखरी-दंतकथा धुंडाळणारे काका. ही वही मालकीणबाईंनीच दिली. म्हणाल्या, सातवीत शाळा सोडलीस ते अक्षरावरूनच दिसतंय, रोज चार ओळी लिही, हात वळेल. मी म्हटलं, हात वळेल हो, डोक्याचं काय? हसल्या. बरं वाटलं.

ताईला फोन केला. ती आमच्याकडच्या बसस्थानकावर गाड्या पुकारते. आईबाबा गेल्यावर त्या आवाजाच्या जिवावर तिने मला वाढवलं. म्हणाली, "भिंगऱ्या, इथे तरी टिक रे."

११ फेब्रुवारी

चहाच्या वेळी नेहमीसारखा फेकत होतो. भिंतीतला खिळा दाखवून म्हटलं, हा हरलेल्या राजाच्या घोड्याच्या नालातला. खिशात ठेवला तर पळताना ठेच लागत नाही, पण थांबलं की झोप लागत नाही. मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. उद्यापासून अर्धा दिवस खोकी आणि अर्धा दिवस वस्तू रचायच्या!

कार्डावर चार चौकटी असतात. नाव, गुण, मोल, पहिला धनी. गुण म्हणजे वस्तू काय करते. मोल म्हणजे त्याबदल्यात काय हिरावते. पहिला धनी म्हणजे वस्तू मुळात कुणाची. मूळ कार्ड हाताने लिहायचं, ते कपाटात राहतं. छापतात त्या त्याच्या नकला. काकांनी एकच नियम सांगितला. धनी मरून शंभर वर्षं झालेली हवीत. "मेलेल्याचं घ्यावं. जित्याचं उसनं आणू नये." मी विचारलं, का? काका चष्मा पुसत बसले.

२३ फेब्रुवारी

नऊ कार्डं झाली. बुडालेल्या तारवाची घंटा, फितुराची अंगठी, दुष्काळात कोरड्या पडलेल्या विहिरीचा दोर. आता डोकं रिकामं. काकांसारखं वाचन माझ्याकडे कुठलं? आणि मालकीणबाई म्हणाल्या, नव्या खोक्यातलं शेवटचं कार्ड तुझं, जमलं तर इथेच कायम. कायम हा शब्द माझ्या बाबतीत आजवर कुणी वापरला नव्हता.

खिशात ताईची शिट्टी होती. पत्र्याची, एका बाजूने चेपलेली. लहानपणी मी उनाडायला गेलो की ती दारात उभी राहून फुंकायची आणि मी कुठूनही धावत यायचो. निघताना तिने मलाच दिली. म्हणाली, हरवलास तर वाजव.

लिहिलं. गुण: वाजवली की दूर गेलेला माणूस परत येतो. मोल: इथे मी हुशारी केली. वाजवणाऱ्याचं काहीच जात नाही, फुंकेगणिक पहिल्या धन्याचा एकेक शब्द जातो. म्हणजे खेळणाऱ्याला टोचणी, की आपल्यासाठी दुसरंच कुणी भरतंय. पहिला धनी: दंतकथेतली एका नावाड्याची लेक. अशी दंतकथा नाही. काकांनी विचारलं, कुठे वाचलीस? म्हटलं, आमच्याकडे सांगतात. लिहिताना डोळ्यांसमोर ताईच होती.

२७ फेब्रुवारी

गुरुवार. छापण्याआधी कार्डं खेळून बघतात तो दिवस. सहा खेळणारे आले. शिट्टी पाच वेळा वाजवली. एक बाई रडली. मालकीणबाईंनी पाठ थोपटली. मी आपला हवेत.

२ मार्च

रविवार, ताईचा फोन. आज गाडी पुकारताना अडखळली म्हणे. गावाचं नाव समोर लिहिलेलं, पण तोंडात येईना. अशी चार गावं. आणि घरी चहात घालतात ते गोड, पांढरं, त्याला काय म्हणतात रे? मी म्हटलं, साखर. ती म्हणाली, काय? पुन्हा सांगितलं. तिला तो नुसता आवाज वाटला. दोघं हसलो.

फोन ठेवल्यावर मोजलं. पाच.

६ मार्च

गुरुवार. टेबलाशी उभा होतो. म्हटलं, शिट्टी राहू द्या आज. कुणी ऐकलं नाही. बारा वेळा.

९ मार्च

तिला कामावरून घरी बसवलंय. पुकारताना मध्येच नुसती श्वास घेत राहते म्हणे. शेजारीण बोलली हे सगळं. मग ताई फोनवर आली. मला हाक मारायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "तू... तू फिरतोस ना, तो तू."

भिंगऱ्या गेला.

१० मार्च

काकांचे पाय धरले, खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी बायकोच्या चष्म्याचं कार्ड केलं होतं. "तिला सगळं दिसतं. फक्त मी दिसत नाही."

एका घरात. पंधरा वर्षं.

कार्ड फाडून काही होत नाही. धनी काढता येत नाही, बदलता येतो. ज्याने लिहिलं त्यानेच स्वतःचं नाव घालायचं. मग गेलेलं तिला परत, आणि सगळं मोल लिहिणाऱ्याच्या माथी. काकांनी पंधरा वर्षांत पेन उचललं नाही. हिंमत झाली नाही म्हणाले.

मालकीणबाईंना सांगितलं, हे कार्ड गाळा. म्हणाल्या, दोन हजार खोकी कालच निघाली. शुक्रवारपासून लोक उघडतील.

दोन हजार टेबलं.

१३ मार्च

मूळ कार्ड काढलं. नावाड्याची लेक खोडलं. माझं नाव लिहिलं, अक्षर चांगलं आलं.

काकांना शपथ घातली, ताईला कळता कामा नये. कळलं तर ती ते परत स्वतःकडे मागेल. तिची सवय आहे, माझ्या ताटातलं कडू ती खायची.

१४ मार्च

सकाळी कानात बारीक शिट्टी. मग दुसरी. दुपारपर्यंत मोजत होतो. मग आकडेच —

चित्रवाल्या मुलीने काहीतरी विचारलं. तिच्या हातात ते होतं, लाकडाचं, रंगात बुडवायचं. नाव —

१५ मार्च

वाजतंय. सारखं. एकावर एक.

बोलता येत नाही. लिहिलं की थोडं राहतं. काका शेजारी बसून — पुसतायत. डोळे.

मागची पानं वाचली. अर्धी कळली.

१६ मार्च

फोन वाजला. ती. आवाज स्वच्छ, सगळ्या गाड्यांना पुरेल असा. उद्या कामावर बोलावलंय. सगळी गावं पुकारून दाखवली, एक चुकलं नाही.

मग म्हणाली, "भिंगऱ्या, बोल ना."

तोंड उघडलं. काही —

म्हणाली, रागावलास? मी अडखळायचे म्हणून कंटाळलास?

नाही. नाही. कसं —

रडली. मी पण. ते तिला ऐकू — नाही बहुतेक.

म्हणाली, "नको बोलूस. शिट्टी आहे ना तुझ्याकडे? ती तरी वाजव. आहेस एवढं कळू दे."

आहे. हातात. चेपलेली.

एक फुंक, एक —

थोडे उरलेत. त्यातला एक जपलाय. फुंकली तर तोच जाईल, कळतंय मला.

ती थांबलीय. फोनवर. श्वास.

फुंकतो. आधी लिहून ठेवतो

ता