पाचांच्या आत

३ जून, सोमवार
आजपासून मी नोकरदार. आरोग्य कचेरी, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. आईने फोनवर तीनदा विचारलं, खुर्चीला हात आहेत का. आहेत. दवाखान्यांच्या नोंदींतली नावं-पत्ते खोडून मी तक्ते संकेतस्थळावर टाकायचे, म्हणजे अभ्यासकांना आजारांचा माग काढता येतो. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी नियम सांगितला. एकाच वर्णनाची किमान पाच माणसं हवीत. कमी असली तर वय, व्यवसाय मोघम करायचा. पाचांच्या आत कुणाला उघडं सोडायचं नाही.

७ जून
कर्मचारी पाहणीचा फॉर्म भरला. तीही संकेतस्थळावर लागते. माणसं आपलीच म्हणून तिला पाचांचा नियम कुणी लावत नाही. ‘घरातली पहिली पदवीधर’ हे मी ठळक लिहिलं. ताई म्हणाल्या, आता दवंडी पिटायचीच राहिलीय.

१२ जून
एका ओळीवर अडले. स्त्री, चौतीस, घड्याळदुरुस्ती, नदीपलीकडचा दवाखाना, डाव्या डोळ्यावर उपचार, दर गुरुवारी. तिच्यासारखी दुसरी नाही. मोघम केलं तर ती नुसती ‘कामगार’ होईल, आणि या कामाने डोळे जातात हे कुणाला कळणारच नाही. नाव तर खोडलंय. ओळ तशीच ठेवली.

१९ जून
संकेतस्थळावर काय शोधलं जातं ते आम्हाला दिसतं, शोधणारा दिसत नाही. आज कुणीतरी ‘स्त्री’ निवडलं, मग ‘चौतीस’, मग ‘घड्याळदुरुस्ती’. ती ओळ अकरा वेळा उघडली. मी खूश. ताईंनी कप बाजूला सारून पडद्यावरची ओळ वाचली. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागे, म्हणाल्या.

२० जून, गुरुवार
एवढं नेमकं ओळखीचाच शोधतो, असं ताई म्हणाल्या, म्हणून मूळ नोंदीतून नंबर काढून त्या बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “वारसुद्धा छापलाय?”
डोळा कामाने गेला नव्हता. नवऱ्याने फोडला होता. दोन वर्षं त्या लपून राहत होत्या. दुपारच्या आत त्यांनी गाव सोडलं. मी दवाखान्यात फोन लावला. चौकीदार म्हणाला, एक माणूस सकाळपासून फाटकाशी बसलाय, हातात छापील कागद आहे.

२४ जून
साहेबांपुढे चूक कबूल केली. ओळ काढली. मी आत असताना तो कचेरीत येऊन गेला. बायकोला सावध कुणी केलं, विचारत होता. नवीन मुलीचं काम असेल, असं शिपाई बोलून गेला. नाव नाही हं सांगितलं, म्हणतो.

२५ जून
शोध पुन्हा सुरू. आमच्या पाहणीत. स्त्री — एकशे बारा. यंदा रुजू — नऊ.

२६ जून
खोलीत एकटी — तीन.
पाहणी संकेतस्थळावरून काढायला वरून मंजुरी लागते. पोलीस म्हणाले, नुसतं शोधणं हा गुन्हा नव्हे.

२७ जून
घरातली पहिली पदवीधर — एक.
सगळं खरं लिहिलं होतं मी. वस्ती. मजला. सुट्टीचा वार.

३० जून, रविवार
भर दुपार. ताई न्यायला निघाल्यात — जिन्यावर पावलं. ताईंची नव्हेत —
दार वाजतंय. नाव घेत नाही तो. त्याला ठाऊकच नाही. रकाने वाचतोय, सावकाश. “स्त्री. तेवीस. एकटी. घरातली पहिली —”
समोरच्या काकू बाहेर आल्या. हो हो, हेच दार, म्हणतायत. थांबा, मीच हाक मारते — काकू, नको — माझं नाव