पन्नासपैकी अठ्ठेचाळीस

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खारूच्या ऑनलाइन वर्गाचं प्रगतिपत्रक आलं. हजेरी पूर्ण, भूमितीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! ताई, माझी पोर मी ओळखतो. पडद्यासमोर पाच मिनिटं टिकत नव्हती, म्हणून तर तुझ्या घरी, तुझ्या धाकात ठेवली. इथे कुठंतरी पाणी मुरतंय. मी घड्याळजी माणूस. बंद घड्याळ अचानक अचूक चालू लागलं की आधी झाकण उघडून बघतो. तीन गैरहजेऱ्या लागल्या की नाव कटतं, पोरीचं वर्ष जाईल. खरं काय ते कळव.

थोरलीवर संशय घेतो म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शंकासुरा, पोरीचं कौतुक करायचं सोडून झाकणं कसली उघडतोस? वर्ग रोज नऊला सुरू होतो, मी स्वतः ऐकते. कोन कसा दुभागायचा ते आता मलाही येतं. गिऱ्हाइकाच्या खिडक्यांच्या पडद्यांची शिलाई अंगावर पडली आहे, म्हणून आटोपते.

तुझी ताई

दि. १८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

काल पालकांना वर्गात बसू देणार होते, बसलो. खारूचा कॅमेरा बंद. बाईंच्या प्रश्नाला तिचं उत्तर लिहून आलं, तेही बरोबर! पण माइक चुकून सुरू होता. मागे शिलाई मशीन खडखडत होतं, आणि नेमकं उत्तर यायच्या वेळी थांबलं. खारूला सुईत दोरा ओवता येत नाही. ताई, माझी पोरगी कुठे आहे?

धाकटा

दि. २२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

खारू सुखरूप आहे. वर्गाच्या दुसऱ्या आठवड्यापासून कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाते. संध्याकाळी हात काळे करून हसत येते. पडद्यासमोर जीव गुदमरतो म्हणाली, तुला सांगायची छाती होईना. नाव कटू नये म्हणून तीन दिवस मीच वर्ग लावून बसले. चौथ्या दिवशी बाईंनी विचारलेलं मला येत होतं. मग सोडवेना रे. मला सातवीतून काढलं तेव्हा मी फार रडले होते. तू लहान होतास. फसवलं तुला, चुकलं माझं. उद्यापासून बसत नाही.

जमलं तर बहीण म्हणत राहा.

ताई

दि. २८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस धुसफुसलो. मग बाईंना फोन करून सगळं सांगितलं. खारूचं नाव कमी केलं. पंक्चर तरी नीट काढते का, ते येऊन तपासणार आहे. त्याच वर्गासाठी तुझा अर्ज भरला. पालकाचा रकाना रिकामा सोडता येईना, तिथे मी सही केली. कॅमेरा सुरू ठेवायचा. आणि ते दोन गुण कुठे गेले, ते आधी कळव.

तुझा पालक