सेवेत येण्यापूर्वीचे गुडघे

सिस्टर, तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली असतील, पण माझ्या सरकारी फायलीत तुम्ही अजून हजर आहात. लष्करी इस्पितळात अठ्ठावीस वर्षं नर्स होते मी. बारा-बारा तास फरशीवर उभी, डोंगरावरच्या तळावर स्ट्रेचर धरून चढउतार. गुडघे तिथेच झिजले. पण आजाऱ्यांच्या यादीत एकदाही नाव घातलं नाही. रडगाणं गायचं नाही, ही शाळेतली तुमची शिकवण. ड्युटी संपली की खोलीवर मिठाच्या गरम पाण्याचा शेक घ्यायचा, वर क्रेप बँडेज. त्यामुळे कागदोपत्री माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत. आता डहाणूत दोन जिने उतरायला कठडा लागतो आणि विवळवेढ्याच्या डोंगरावरच्या देवीला खालूनच हात जोडते.

अपंगत्वाच्या दाव्यासाठी मेडिकल बोर्डासमोर बसले होते. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. विचारतो, "मॅडम, नोकरीआधी गुडघ्यांना काही इजा?" मी म्हणते, "हो तर! शाळेत सिस्टरनी खडीवर गुडघे टेकायला लावले होते. श्रीगणेशा तिथलाच." तो हसला, मीही हसले. मग त्याने ते लिहून घेतलं. निकाल आला : आजाराची सुरुवात सेवेपूर्वीची, सेवेशी संबंध नाही. अपीलही फेटाळलं. वहिनी म्हणाली, "ताई, जिभेला हाड नाही म्हणून गुडघ्याची हाडं वाया घालवलीत!"

वकील म्हणाले, तेव्हा गुडघे धड होते असा शाळेचा दाखला आणा, शेवटचं बघू. तलासरीला रिक्षाने गेले, शाळेच्या पायऱ्या बसत बसत चढले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तेव्हाचं कोणी उरलं नाही. आणि रजिस्टरात हजेरी असते, गुडघे कुठे असतात?" बरोबर बोलला मेला. साक्ष देऊ शकणारं माणूस एकच होतं, आणि तुमची कबर त्याच आवारात. तिथवर चालवलं नाही.

हे पत्र फेटाळलेल्या अपिलाखाली ठेवणार आहे; तिथे कोणी बघत नाही. एक मात्र लिहायलाच हवं. खडीवर तुम्ही मला पाचच मिनिटं ठेवलं होतंत. मग स्वतः उठवून गुडघ्यांना खोबरेल चोळलंत, आणि दुसऱ्या दिवशी धावण्याच्या शर्यतीत मी पहिली आले. हे बोर्डाला सांगितलं नाही मी. सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं.