पुराव्याची एकसष्ट पानं

दाभोसा, ता. जव्हार
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय जयश्री,

मी ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे, पण तोंड चालू आहे म्हणजे काळजी नको. भात झोडून झालं, नागली खळ्यावर आली. तू तिकडे अमेरिकेत बरी असशील असं धरून चालतो. टपालाने पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि विषय संपला असता. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो.

मंगळवारी मुंबईला अमेरिकन वकिलातीत माझी मुलाखत झाली. आदल्या दिवशी जीप फेऱ्या मारायला शेजारच्या जगनच्या ताब्यात दिली (क्लच जपून वापर म्हणून तीनदा सांगितलं, तरी व्हायचं ते झालंच), आणि एसटीने ठाण्याला शीलाताईकडे गेलो. आत मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून तो तिच्याकडेच ठेवला. रांगेत सगळ्यांच्या हातात जाड फायली होत्या. माझ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी.

नवरा-बायकोचा संपर्क चालू आहे याचा पुरावा आणा, असं यादीत होतं. म्हणून आपले दोन वर्षांचे निरोप जव्हारला कविताच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले. एकसष्ट पानं झाली. कविता म्हणाली, "दादा, मी वाचत नाय हां," आणि वाचून हसत बसली. सुरुवातीची पानं तशीच आहेत. बकरी जीपच्या टपावर चढली ते मी लिहिलं होतं आणि तू दिवसभर त्यावरच बोलत होतीस. तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली ती म्हातारी तुला 'जे' म्हणून हाक मारते तेही आहे. चाळिसाव्या पानापासून मात्र 'जेवलास का?', 'हो, तू?', 'हो' एवढंच. पुढे तर नुसता अंगठा. छापल्यावर तो काळा येतो. ती पानं निघायला लागली तशी कविता ती न वाचताच पालथी ठेवू लागली.

काचेपलीकडे एक तरुण साहेब होता आणि शेजारी मराठीत सांगणारी बाई. आधी उजवा हात वर करून खरंच बोलेन अशी शपथ घ्यायला लावली. मग साहेबाने विचारलं, लग्न २०२१चं, तर २०१५पासून एका घरात कसे? मी म्हटलं, आमच्यात आधी संसार मांडतात, लग्न सवडीने होतं. काहींचं तर पोरांच्या मांडवात होतं. बायकोला नोकरीच्या कागदांसाठी दाखला हवा होता म्हणून आम्ही उभे राहिलो आणि आमच्या धवलेरीने, गौरामावशीने, गाणी म्हणून लग्न लावलं. बाईने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. साहेब मात्र हसला. हळदीच्या फोटोत तू मला चिमटा काढते आहेस, तेही त्याला दिसलं.

सहा वर्षं आपल्याला एकही कागद लागला नव्हता. आता पिशवीभर कागद आहेत, आणि आई सातलाच जेवून पडते म्हणून मी एकटा जेवतो.

व्हिसा मंजूर झाला. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही ते सांगतो.

शेवटी साहेबाने विचारलं, बायकोशी शेवटचं कधी बोललात? मी म्हटलं, काल. काय म्हणाल्या? म्हटलं, घाबरू नकोस म्हणाली, निळा सदरा घाल म्हणाली. येताना नागलीचं पीठ आण, इथे थंडी पडली आहे, एकटीला जेवण जात नाही. हे सगळं माझ्या तोंडून भराभर आलं. बोलताना तुझा आवाज मला ऐकू येत होता, आणि काचेसमोर मला रडू फुटलं. त्याने एकसष्ट पानं उघडलीसुद्धा नाहीत. पासपोर्ट ठेवून घेतला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "जयूनं काय सांगला रं?" तिलाही मी पिठाचंच सांगितलं. कालपासून ती तुझ्यासाठी नागली निवडते आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

आपण सहा ऑक्टोबरनंतर बोललेलो नाही, जयू. त्या दिवशी तू विचारलंस, "तुला खरंच यायचंय, का मी बोलावते म्हणून येतोस?" जीपमध्ये माणसं होती. मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. मग तू करशील म्हणून मी थांबलो. मी करीन म्हणून तू थांबली असशील, की तुझं थांबणंच संपलं, मला कळत नाही. माणसं होती हेही निमित्तच. मी घाबरलो होतो. इथे दहा पाडे मला हॉर्नवरून ओळखतात. तिथे मी फक्त जयश्रीचा नवरा, आणि तो जयश्रीला हवा आहे का, हेही माहीत नाही.

तरी उत्तर देतो. मला यायचंय. फार यायचंय. पण न आलेल्या फोनच्या जोरावर मी विमानात बसणार नाही. तू एकदा खरा फोन कर. येऊ नकोस म्हणायचं असेल तरी कर. आईला काय सांगायचं ते मी बघेन.

वकिलातीच्या कागदावर तरी तुझाच,
देवानंद