कणकेची परीक्षा

बाई, काल एका कोटाच्या दोन्ही बाह्या उसवून पुन्हा लावल्या. कोट आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने शिवलेला. फॅशन शोमध्ये त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याची डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे होती. सभागृहात टाळ्या चालू होत्या. मी एकटीच मॉडेलच्या अवघडलेल्या खांद्यांकडे बघत होते, आणि तुमची फार आठवण आली.

खडकीच्या क्वार्टर्समधलं तुमचं दोन खोल्यांचं घर. बाहेर शिवणक्लासची मशिनं, आत स्वयंपाकघर. पहिलं ब्लाउज शिवून झालं की तुम्ही ते अंगात घालायला लावायचात आणि आत पिटाळायचात, कणीक मळायला. "आरशात काय बघतेस? आरशाला हात हलवावे लागत नाहीत." मीही बाह्यांची अशीच अदलाबदल केली होती. परात पुढे ओढायला जाते, तर खांदा मागे खेचतोय. तुम्ही दारात उभ्या. "शिवलंयस छान. आता जन्मभर हात मागे बांधून हिंडणार का?" बाकीच्या मुली हसल्या, मी रडले, त्या दिवशी तुमच्या पोळ्या खारट झाल्या असणार. पुन्हा पुन्हा उसवलं. शेवटी परात सहज जवळ आली, तेव्हा मागून फक्त "हं" ऐकू आलं. त्याहून मोठी शाबासकी तुम्ही कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. आमच्या परीक्षांवर तुमच्या घरची कणीक आयती मळून निघायची, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

आता मी हडपसरला शिकवते. त्या मुलीला दोष कसा देऊ? तिच्या वाट्याला मशीन येतं कितीसं! मुलांना शिवणाचे तास वाढवून द्या, कापड हातात द्या, म्हणून मी कित्येक वर्षं अर्ज करतेय, सह्या गोळा करतेय. लोक आता मला लांबून बघूनच जिना बदलतात. आणि यंदा तर शिवणाची खोलीच काढून तिथे फोटो स्टुडिओ करायचा घाट घातलाय.

मागच्या आठवड्यात त्यावर बैठक झाली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आपण डिझायनर घडवतो. शिवायला कारागीर असतातच की."

"त्यांना तरी कोण शिकवतंय, सर?"

मग मी तो कोट पुढे केला. "सर, जरा घालून बघता?" हौशी माणूस, लगेच घातला. तेवढ्यात चहा आला. त्यांनी कपासाठी हात पुढे केला, तो अर्ध्यातच अडला. वाटलं, आता कळेल. त्यांनी खुर्चीच पुढे सरकवली, कप उचलला आणि म्हणाले, "नवा फिट दिसतोय. छान आहे." सगळे हसले. माझ्या अर्जावर सह्या करणारेसुद्धा हसले, आणि मग आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसले. जूनपासून तिथे स्टुडिओ होणार. मशिनं भंगारात.

काल बाह्या नीट लावल्यावर मी तो कोट घातला आणि स्वयंपाकघरात गेले. परात ओढली. हात सरळ पुढे गेला, कुठे ओढ नाही, चुणी नाही. मी मळत राहिले. भानावर आले तेव्हा क्लासातल्या सगळ्या पोरींना पुरेल एवढा गोळा झाला होता, आणि मला एकटीला दोन पोळ्या पुष्कळ होतात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ते मशीनच्या खणात राहील, तुमच्याच बॉबिनांजवळ. पण एक सांगून टाकते, बाई. शिवणाची खोली गेली याचं दुःख आहेच. तरी काल कणीक मळून झाल्यावर मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले, दाराकडे पाठ करून, कान मागे लावून, बराच वेळ.